शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलेली उत्तरं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि स्वभावाने भलताच चुळबुळ्या. पोटात अष्टौप्रहर पंखा फिरत असताना कोण स्वस्थ बसेल?

माझं काम विस्तवाचं. अणूच्या गाभ्यातले कण भयंकर तापवले आणि दाबले, तर ते कधी वितळतात हे शोधायचं. एवढी आच कोणतं भांडं सोसणार? म्हणून आमच्या संशोधक बाई माझ्या आत जागेची बारीक बारीक घरं आखत आणि मी घराघरात फासे टाकून हिशेब करत असे. दाब वाढवला की अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकत, हाती जेमतेम काही उरे. माझ्या नाकी नऊ येत.

कपाटात शेजारीच माझा जुळा भाऊ. बाई दोघांना तोच प्रश्न घालत, पण फाशांचा सुरुवातीचा आकडा वेगवेगळा देत. आकडा वेगळा की फासे वेगळे पडतात. तरीही आम्ही साधारण एकाच उत्तरापाशी पोचलो, तर ते खरं मानायचं.

एकदा माझ्या पंख्यात धूळ अडकली. दुरुस्तीवाल्या काकांनी मला बंद करून साफ केलं. बाई घाईत होत्या. त्यांनी भावाची सुरुवातीची फाईल उचलून मला दिली आणि तिच्यातला फाशांचा आकडा बदलायला विसरल्या. तीन महिने मी भावाचेच फासे टाकत राहिलो. वायरीतून त्याचे आकडे मला दिसत होते. पण सांगणार कसं? आम्हाला विचारलं तेवढंच बोलता येतं. जीव नुसता तळमळत होता.

उत्तरं आली, शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी! संचालकांनी बाईंची पाठ थोपटली, माझीही तारीफ केली. शुक्रवारी लेख छापायला जाणार होता आणि मी भंगारात. ते कौतुक ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी काका मला काढायला आले. टेबलावरचे आमच्या उत्तरांचे दोन कागद पाहून म्हणाले, "मॅडम, एकाच कागदाच्या दोन प्रती काढल्यात का?"

"नाही हो काका, दोन वेगळी यंत्रं आहेत. बघा ना, कसं तंतोतंत जुळलंय!"

"इतकं? माझ्या घरी दोन घड्याळं शेजारी टांगलीत, तरी त्यांचं अर्ध्या मिनिटाचं भांडण असतंच."

बाई हसल्या. मग ते हसू विरलं. त्यांनी माझी फाईल उघडली, तो आकडा पाहिला आणि डोक्याला हात लावला.

"काका, थांबा. उत्तर एकच आहे. मीच ते दोनदा मोजलं."

त्या तडक संचालकांकडे गेल्या, लेख मागे घेतला, आणि माझ्यासाठी आणखी तीन महिने मागून आल्या.

मित्रांनो, यंत्राची धूळ वेळच्या वेळी पुसा. आणि सगळं फारच जुळून आलं, तर घटकाभर माझ्यासारखी चुळबुळ करा.

काल ते तीन महिने भरले. पहिले दोन आकडे जुळले, तिसऱ्या आकड्याला आम्हा भावांचं बिनसलं. बाईंनी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा पाहिले आणि माझ्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाल्या, "शाब्बास!"

उद्या काका येतील. येऊ देत.