डावीकडची जागा

वासंतीने मिठाची बरणी उचलली आणि फ्रान्सच्या नकाशावर मधोमध ठेवली.

"हा ट्रक," ती म्हणाली.

शिरीषने बरणीच्या मागे नीलची लाल खेळण्यातली गाडी लावली आणि हनुवटी टेबलाला टेकवली.

"तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं. पण ताईच्या गाडीचं स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. म्हणजे मी बसलोय रस्त्याच्या कडेला. मला काय दिसतंय? ट्रकची पाठ. समोरून कोण येतंय ते फक्त डावीकडे बसलेल्या माणसाला दिसणार."

"सो वी आर स्टक," दहा वर्षांचा नील म्हणाला.

"म्हणून तर मोटरवे. तिथे समोरून कुणी येतच नाही."

सप्टेंबरच्या सुट्टीत न्यूझीलंडमधल्या लोअर हटहून इंग्लंडला जायचं होतं, शिरीषच्या थोरल्या बहिणीकडे. दमयंतीताईची गाडी घेऊन पोर्ट्समथहून बोटीने पलीकडच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि मग बारा दिवस फ्रान्स, वरपासून खालपर्यंत. शिरीषने पेन्सिलीने एकच जाड रेघ ओढली होती. ती सगळीच्या सगळी मोटरवेवरून जात होती. ऋचाला हवा असलेला नदीकाठचा बारीक पिवळा रस्ता त्या रेघेपासून बोटभर लांब राहिला होता.

"बाबा, सिरियसली?" ऋचा म्हणाली. तिला जानेवारीत पंधरावं लागलं होतं. "बारा दिवस मोटरवे? मग इथेच हट ते वेलिंग्टन वर-खाली करू या ना. जेटलॅगपण नाही."

"ऋचा."

"मी बसते पुढे. मी सांगते तुला कधी जायचं ते. ईझी."

"हे सांगणं पोरांचं काम नाही. काही चुकलं तर जन्मभर डोक्यात राहतं."

"देन आई कॅन सिट," नील म्हणाला.

टेबलाखाली ऋचाचा पाय हलला असावा, कारण नील "आऊच" म्हणाला आणि बरणी थोडी सरकली. शिरीष नकाशाची घडी बोटाने सपाट करत राहिला.

"दूध संपलंय," ऋचा म्हणाली. "चल नील, कोपऱ्यावरच्या डेअरीत जाऊन येऊ."

"इट्स फ्रीझिंग!"

"मग जँडल्स काढ आणि बूट घाल. चल म्हटलं ना."

तो त्या रबरी चपलांवरच गेला. दार आपटलं. फ्रिजमध्ये दुधाची अख्खी बाटली होती, हे वासंतीला ठाऊक होतं.

नव्व्याण्णव साली, या देशात येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, पामर्स्टन नॉर्थच्या पुढे शेतांमधल्या एका चौकात शिरीषने गाडी थांबवली होती. डावीकडे झाडांचं उंच कुंपण होतं. वासंती त्याच्या शेजारी बसली होती. "मोकळं आहे का गं?" त्याने विचारलं होतं. "हो, जा," ती म्हणाली होती. कुंपणाआडून पांढरी पिकअप आली. शिरीषच्या दोन बरगड्या गेल्या, सात वर्षांच्या ऋचाचं मनगट मोडलं, तीन वर्षांच्या नीलला ओरखडाही आला नाही. त्यानंतर वासंती मागे बसू लागली. नीलला गाडी लागते, हे कारण होतं. पुढे नीलला गाडी लागायची बंद झाली, तरी ती मागेच बसत राहिली. पुढे ये, असं कुणी म्हटलं नाही.

वासंती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. तिथे कुठलाही निकाल दोन सह्यांशिवाय बाहेर जात नसे आणि दुसरी सही तिची असे. अख्ख्या खोऱ्याने नळाचं पाणी प्यावं की नाही, हे लोक तिला विचारत. घरी मात्र रस्ता ओलांडतानाही शिरीष स्वतः वाकून बघत असे.

ती खुर्ची ओढून त्याच्या डाव्या हाताला येऊन बसली.

"मी बसते पुढे," ती म्हणाली.

"अगं, मोटरवेने जातोय आपण. गरजच नाही."

"माझ्यामुळे मोटरवेने जातोय."

"मी असं म्हटलं का? सात वर्षांत एकदा तरी तुला काही बोललो?"

"नाही. बोललाही नाहीस आणि विचारलंही नाहीस."

शिरीषने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"विचारून बघ," वासंती म्हणाली. तिने मान तिरकी केली आणि गाल नकाशाला टेकवला. त्या उंचीवरून बरणीच्या बाजूने पलीकडचा रस्ता दिसत होता. "बघ ना विचारून. खोटं खोटं."

त्याने लाल गाडीवर बोटं ठेवली.

"मोकळं आहे का?"

वासंतीने बघितलं. मग प्रयोगशाळेत बघायची तसं पुन्हा एकदा, पहिलं विसरून, बघायला लागली. तेवढ्यात लाल गाडी बरणीच्या पुढे निघून गेली होती.

"मी अजून काही बोलले नव्हते," ती म्हणाली.

शिरीषचा हात गाडीवर तसाच राहिला.

"हो," तो म्हणाला. "त्या दिवशीही बोलली नव्हतीस."

वासंतीने गाल उचलला.

"मी विचारलं आणि क्लच सोडला. तू 'जा' म्हणालीस तेव्हा गाडी निघालेली होती. तू तिकडे बघत होतीस, तुला कळलं नसेल." तो नकाशाशीच बोलत होता. "हॉस्पिटलमध्ये तू रडत म्हणालीस, माझी चूक. मी म्हटलं, उद्या सांगू. मग तू मागे बसायला लागलीस. मग सांगणं आणखीच कठीण झालं."

वासंती उठून ओट्यापाशी गेली. चहाचं आधण कधीचं उकळत होतं, तिने गॅस बंद केला. दोन्ही तळहात थंड ओट्यावर टेकवून ती उभी राहिली. खिडकीबाहेर दक्षिणेच्या गार वाऱ्याने कपडे वाळत घालायचा छत्रीसारखा सांगाडा गोल गोल फिरत होता. एकदा तिला वाटलं, ओरडावं. एकदा वाटलं, बसून घ्यावं. सात वर्षं तिने त्या एका शब्दाची जागा मनात शेकडो वेळा तपासली होती. त्याच्या आधी काय झालं, ते कधीच तपासलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा शिरीष अजून तसाच बसला होता.

तिने बरणी उचलली, मोटरवेच्या जाड रेघेवरून काढली आणि नदीकाठच्या पिवळ्या रस्त्यावर ठेवली. लाल गाडी तिच्या मागे लावली.

"परत," ती म्हणाली. "आणि या वेळी मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

"नाही हलणार."

"विचार."

"मोकळं आहे का गं?"

वासंतीने गाल नकाशाला टेकवला. डाव्या डोळ्याशी नदी होती, निळी आणि बारीक, आणि तिच्या कडेने रस्ता वळत वळत कागदाच्या टोकापर्यंत गेला होता.

दार उघडलं. थंडी आत आली, तिच्यामागून ऋचा आणि नील.

"व्हॉट आर यू टू डूइंग?" नीलने विचारलं.

"थांबलोय," शिरीष म्हणाला.

रस्ता केव्हाचा मोकळा होता. वासंतीने त्याला आणखी थोडं थांबू दिलं.