गुराबेचं पाचवं पान

चाचणीचा नियम असा, की ज्यानं मॉडेलचे भाग आखले, त्यानं बांधणाऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. म्हणून आमचे दिगंबरराव सोफ्यावर हात मांड्यांखाली दाबून बसले होते. चौतीस वर्षांच्या संसारात मला जे जमलं नाही, ते चारुतानं "काका, नो टॉकिंग" एवढ्यावर करून दाखवलं.

टेबलावर आंग्र्यांच्या आरमारातली गुराब आकार घेत होती. निमुळत्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, दोन डोलकाठ्यांची लढाऊ नौका, सगळी जाड कागदाची. दोन वर्षं खपून दिगंबररावांनी तिचे भाग आखले आणि डिसेंबरात पुण्याहून सहा पानांवर छापून आणले. पार्सिपनीच्या लायब्ररीत एप्रिलमध्ये मुलं हीच बांधणार होती. मात्र आज चारपर्यंत होकार कळवायचा. नाहीतर तिच्या जागी कुणाची तरी इंग्लिश फ्रिगेट युद्धनौका तयारच होती.

चारुता आमची पुतणी, इथं अमेरिकेतच जन्मलेली, पूल डिझाइन करते. नातं बघून सूट देणाऱ्यातली नव्हे.

साडेतीनला तिनं पाचव्या पानावरची बाहेरची पट्टी कापली आणि न चिकटवता सांगाड्याला लावून पाहिली. पुन्हा पाहिली.

"काका, इट्स शॉर्ट. सेंटिमीटरपेक्षा जास्त."

नाळेपाशी सांगाड्याच्या फासळ्या उघड्या दिसत होत्या. दिगंबररावांचा चेहरा उतरला.

"नाळेचा बाक चुकला माझा. जुन्या चित्रावरून अंदाजानं काढलेला. मुलांसमोर फजिती नको, घेऊ देत ती फ्रिगेट." न बोलण्याचा नियम विसरून त्यांनी लॅपटॉप ओढला.

मंगळवारी त्याच पानावर मी चहाचा कप ठेवला होता. गोल डाग पडला. मी गुपचूप घरच्या प्रिंटरवर नवं पान काढलं आणि डागाचं रिसायकलिंगमध्ये टाकलं.

मी माणसांच्या चुका मनात टिपून ठेवते, तारखेसकट. दिगंबररावांच्या नावावर तर वहीच भरेल. माझं पान मात्र कोरं होतं, आणि ते तसंच राहावं अशी माझी फार इच्छा होती. ते एका बोटानं टाइप करतात, तेवढाच काय तो मला अवधी. 'वी रिग्रेट' झालं. पावणेचार झाले. बोट सेंडकडे निघालं.

"अहो, थांबा. ते पान पुण्याचं नाही."

"म्हणजे?"

"मी काढलंय. इथं. चहा..."

चारुतानं पट्टी उचलली. प्रत्येक पानाच्या तळाला तपासणीसाठी शंभर मिलिमीटरची रेघ असते. तिनं मोजली.

"नाइन्टी-फोर! काकू, फिट टू पेज केलंत?"

"पान मावत नाही, लहान करू का, असं विचारलं प्रिंटरनं. मी म्हटलं कर."

"इथला कागद ए-फोरपेक्षा आखूड असतो, काकू! त्यानं सगळं पानच बारीक केलं."

तिनं पान पुन्हा काढलं, मूळ मापात; कापली गेली ती नुसती कोरी कड. कात्री चालली. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होते. चारला चार मिनिटं असताना पट्टी नाळेवर टेकली. फटीत नखही जाईना.

दिगंबररावांनी 'वी रिग्रेट' एकेक अक्षर पुसलं आणि होकार पाठवला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "चारुता, आता बोलू?"

"नो, काका. दोन्ही मास्ट राहिलेत."

ते उठले, टेबलावरचा माझा कप उचलला आणि पार किचनमध्ये नेऊन ठेवला.