आत्याच्या जागी बाण

लिफ्ट दुरुस्त करणारी आमची कंपनी एकतीस वर्षं अगदी सुखात चालली होती, कारण आपण नक्की काय करतो हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. लिफ्ट बंद पडायची, फोन यायचा, मेकॅनिक जायचा, लिफ्ट चालू व्हायची. मग मोठे साहेब एका परिषदेला जाऊन आले. तिथे म्हणे शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थाने त्यांना स्वतःच्या कंपनीचा आराखडा दाखवला. एका कागदावर अख्खी कंपनी, निळ्या चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण. आमच्या साहेबांकडे दाखवायला फक्त व्हिजिटिंग कार्ड होतं. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

आठवड्याभरात सल्लागार आले. मी तेव्हा भांडारात होतो. नटबोल्टच्या यादीत प्रत्येक मापाला वेगळा रंग देण्याची मला खोड होती, तेवढ्या पुण्याईवर मला सल्लागारांच्या हाताखाली ‘आराखडाकार’ म्हणून बसवलं. नव्या खुर्चीला चाकं होती, म्हणजे ही बढतीच असणार हे मी ओळखलं. पद तूर्त तात्पुरतं होतं. आराखडा नीट झाला तर कायम करू, असं सल्लागार म्हणाले होते.

त्यांचं म्हणणं असं की कंपनी म्हणजे माणसं नव्हेत, कंपनी म्हणजे सेवा. प्रत्येक सेवेची एक चौकट. चौकटीचं नाव दोनच शब्दांचं, त्यातला दुसरा शब्द काहीतरी करणारा. प्रत्येक सेवेचा एक फॉर्म आणि प्रत्येक फॉर्मात तेच सहा रकाने: सेवेचं नाव, मालक, ग्राहक, आत काय येतं, बाहेर काय जातं, आणि पर्यायी व्यवस्था, म्हणजे तुम्ही नसाल तर हे काम कोण करील. समोरचा सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं, आपली अक्कल वापरायची नाही. हा शेवटचा नियम मला फार पटला. माझ्याकडून जमण्यासारखी अपेक्षा आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी ठेवली होती.

मुलाखती सुरू झाल्या आणि आमच्याकडे किती थोर माणसं दडून बसली होती ते कळलं. चहावाल्याने सांगितलं की तो नसेल तर कंपनी अकरा वाजता बंद पडेल. त्याला ‘ऊर्जा पुरवणे’ ही चौकट मिळाली. दारावरचा रखवालदार दुपारी बसल्या जागी घोरतो, त्याला ‘प्रवेश रोखणे’ मिळाली आणि वर तीन बाण. भांडारप्रमुखाने एकट्याने नऊ चौकटी लाटल्या, त्यातली एक ‘साठा आठवणे’ होती. पर्यायी व्यवस्थेच्या रकान्यात तिघांनीही ठणकावून ‘नाही’ असं लिहायला लावलं. मी लिहिलं. ‘तक्रार घेणे’ म्हणायचं की ‘तक्रार स्वीकारणे’, यावर मोठ्या खोलीत दीड दिवस खल झाला. त्या दीड दिवसात ज्या तक्रारी आल्या, त्या आत्याने नेहमीसारख्या घेतल्या.

आत्या म्हणजे माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यावर मी तिच्याकडेच वाढलो, आणि या कंपनीत मला चिकटवलं तेही तिनेच. जिन्याखालच्या कोपऱ्यात तिचं टेबल. टेबलावर दोन फोन, एक वही आणि काडी मोडलेला चष्मा, ज्याला तिने दोरा बांधला होता. फोन आला की ती विचारायची, आवाज वर जाताना येतो की खाली येताना. तेवढ्यावरून कोणत्या मेकॅनिकला पाठवायचं ते तिला कळायचं. कोणत्या इमारतीची चावी कोणाकडे असते, कोणता मेकॅनिक कुठल्या कुत्र्याला घाबरतो, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. वहीत फारसं काही नव्हतं. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की एक फोन या कानाला आणि दुसरा त्या कानाला. एकीकडे मेकॅनिकला रस्ता सांगायची, दुसरीकडे अडकलेल्या माणसाला त्याच्या मुलांची नावं, वयं, इयत्ता विचारत बसायची. दार उघडेपर्यंत फोन ठेवायची नाही. बऱ्याच जणांना आपण घाबरायचं विसरलो हे बाहेर आल्यावर लक्षात यायचं.

तिच्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि ती दोन वर्षं तिला हवीच होती. आतोबा निवृत्त झाल्यापासून घरात दिवसभर सूचना देत असतात. दूध उतू जाण्याआधी पाच मिनिटं ते तसं जाहीर करतात आणि जागचे हलत नाहीत. आत्या मला म्हणायची, “ऑफिस आहे म्हणून आमचा संसार टिकलाय रे. ते सुटलं तर मी काय करू, मला खरंच भीती वाटते.” हे ती हसत म्हणायची, पण ते खरं होतं आणि मला ठाऊक होतं.

तिची मुलाखत मोठ्या खोलीत झाली. समोर सल्लागार, बाजूला मी, माझ्यापुढे संगणकावर फॉर्म.

“मॅडम, तुमच्या सेवेचं नाव काय सांगाल?”

“सेवा कसली. फोन घेते बसल्या बसल्या.”

“मालक कोण?”

“मालक मोठे साहेब. दुसरं कोण?”

“बरं, ग्राहक?”

“कोण कोण असतात. अडकलेली माणसं.”

मी ‘विविध’ असं लिहिलं.

“तुमच्याकडून बाहेर काय जातं? म्हणजे तुमच्या कामातून तयार काय होतं?”

आत्याने जरा विचार केला. “माझ्याकडून? काहीच नाही. करतात ते मेकॅनिक करतात. मी नुसतं सांगते.”

“आणि तुम्ही नसाल तर हे काम कोण करील?”

“इश्श, त्यात काय आहे. कोणीही करील की.”

सल्लागारांनी मान डोलावली. आता आमची आत्या कशी आहे ते सांगतो. माझ्या बहिणीच्या लग्नात तिने चाळीस माणसांचं जेवण दोन दिवस एकटीने रांधलं. लोक वाखाणायला आले तर म्हणाली, काही केलं नाही हो, असंच आपलं. आजारपणात माझ्या वडिलांच्या उशाशी ती तीन आठवडे होती, आणि नंतर म्हणाली की जाऊन येऊन असायचे. तिच्या तोंडून ‘काही नाही’ आलं की पुष्कळ काहीतरी झालेलं असतं, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला तर कळतच होतं. माझं बोट कळफलकावर थांबलंही होतं.

पण नियम जसंच्या तसं लिहिण्याचा होता. शिवाय मी भाचा. मी स्वतःहून काही घातलं असतं तर घरचं माणूस वाचवलं असा बोभाटा झाला असता, आणि माझी चाकांची खुर्ची अजून कायम व्हायची होती. मी लिहिलं: बाहेर काय जातं, काही नाही. पर्यायी व्यवस्था, उपलब्ध. सल्लागार फॉर्म बघून म्हणाले, “इतकी स्वच्छ माहिती मला आजवर कोणाकडून मिळाली नव्हती.” आत्या लाजली. तिला वाटलं, कौतुक झालं.

सातवा नियम असा होता की जिच्यातून काही बाहेर जात नाही आणि जिला पर्याय उपलब्ध आहे, ती चौकट काढून टाकावी. संगणकाने ती आपोआप करडी केली. मी चाचरत सल्लागारांना म्हटलं, “सर, पण तक्रार आली की ती दुरुस्तीपर्यंत हीच पोचवते.”

“बरोबर आहे. म्हणजे ती सेवा नाही,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “तो नुसता बाण आहे.”

मग मीच ती चौकट पुसली आणि तिच्या जागी ‘तक्रार स्वीकारणे’पासून ‘दुरुस्ती करणे’पर्यंत बाण ओढला. बाकीचे बाण एका जाडीचे होते, हा मी दीडपट जाड काढला. आत्यासाठी मी एवढं केलं. आज हे सांगताना मला माझीच लाज वाटते, पण त्या दिवशी मला आपण फार धीटपणा केला असं वाटलं होतं.

आराखडा नऊ फूट लांबीचा झाला आणि दर्शनी भिंतीवर लागला. मोठे साहेब रोज सकाळी त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहायचे. बाणाला पगार नसतो आणि टेबलही लागत नाही, तेव्हा महिनाअखेर आत्याला निरोप देण्यात आला. भाषणं झाली. चहावाला सगळ्यात जास्त बोलला. भेट म्हणून आराखड्याची छोटी प्रत काचेच्या फ्रेममध्ये घालून दिली. ज्यात ती नव्हती ते चित्र हातात धरून आत्या म्हणाली, “छानच आहे की. कशाला एवढं केलंत.” माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी कायम झालो.

फोन आता यंत्र घ्यायचं. लिफ्ट बंद असल्यास एक दाबा, आवाज येत असल्यास दोन दाबा. यंत्र निःपक्षपाती होतं, जो मेकॅनिक रिकामा असेल त्याला संदेश पाठवायचं. कुत्र्याला घाबरणारा मेकॅनिक बरोबर कुत्र्याच्याच इमारतीत जायचा आणि फाटकातून परत यायचा. एका इमारतीत तिघं एकदम पोचले, तर दुसरीकडे चार दिवस कोणी गेलंच नाही. आराखड्यावर मात्र सगळं ठीक होतं. बाण जागच्या जागी होता. सल्लागार म्हणाले, स्थित्यंतराचा काळ आहे, लोकांना सवय व्हायला वेळ लागतो. लोक जिने चढत होते, तेव्हा तीही सवय होतच होती.

मग एका दुपारी मोठ्या साहेबांच्या सासूबाई तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकल्या. त्यांनी एक दाबलं. यंत्राने त्यांना सांगितलं की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि पन्नास मिनिटं वाद्यसंगीत ऐकवलं. मेकॅनिक वेळेत गेला होता, पण वरच्या मशीनच्या खोलीला कुलूप आणि चावी कोणाकडे ते कोणाला माहीत नाही. शेवटी त्याने गुपचूप आत्याच्या घरी फोन लावला. आत्या म्हणाली, चावी तळमजल्यावरच्या शिंप्याकडे असते, खिळ्याला टांगलेली, आणि तू आधी त्या बाईंचा नंबर मला दे. चावी मिळून दार उघडेपर्यंत चार मिनिटं गेली. तेवढ्यात सासूबाईंनी आत्याला आपल्या जावयाविषयी बरंच काही सांगून टाकलं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांना त्या बाणात काहीतरी कमी असल्याचं दिसलं. सल्लागार जराही डगमगले नाहीत. आराखड्याची दुसरी आवृत्ती काढू, तिचे वेगळे पैसे, असं ते म्हणाले. नवी चौकट ठरली, ‘तक्रार पोचवणे’, निळी, चारही बाजूंनी बाण. आणि फॉर्म भरून आणायला मला पाठवलं, कारण मी घरचा.

रविवारी सकाळी मी गेलो. आतोबांनी दार उघडलं आणि चप्पल कुठे काढायची ते सांगितलं. फ्रेम भिंतीवर नव्हती. बैठकीच्या खोलीतल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली ती आडवी सरकवली होती. टेबल आता डुगडुगत नव्हतं.

आत्या समोर बसली. तेवढ्यात फोन वाजला, कोणीतरी मेकॅनिक असावा.

“माणूस अडकलाय का?” तिने विचारलं. “नाही ना? मग यंत्राला विचार.” आणि फोन ठेवला.

मी छापील फॉर्म काढला. “आत्या, साहेब म्हणतात उद्यापासून ये. टेबल खिडकीपाशी देतायत. फक्त हे सहा रकाने भरायचेत.”

“विचार.”

“बाहेर काय जातं?”

“माणसं. लिफ्टमधून बाहेर माणसं जातात. लिही.”

मी लिहिलं. “तू नसशील तर हे काम कोण करील?”

“कोणी नाही,” आत्या म्हणाली. इतकी वर्षं तिच्यासोबत काढली, पण स्वतःविषयी असं बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. “माझ्यासारखं कोणाला जमणार नाही. हेही लिही, जसंच्या तसं.”

मला इतका आनंद झाला की लिहून त्याखाली मी दोन रेघा ओढल्या. “मग उद्या येतेस ना?”

“नाही.”

“अगं, पण तुलाच तर हवं होतं. आतोबा दिवसभर…”

“हवं होतं. अजूनही हवंय. सकाळी दहा वाजले की माझा जीव कासावीस होतो.” ती पदराने चष्मा पुसत राहिली. “कोणीही करील असं मी म्हटलं. त्या माणसाला ते खरं वाटलं, त्याचं काही चुकलं नाही, तो परका. पण त्या खोलीत तूही होतास.”

मी फॉर्मवरचे रकाने मोजत राहिलो.

“तुला वाटलं होतं का रे, कोणीही करील म्हणून?”

“नाही,” मी म्हटलं.

“तेच.” तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उठली. “उद्यापासून मी ऑफिसात आले, तर रोज तुझं तोंड बघावं लागेल. ते मला जमणार नाही. घरी आलास तर ये, घर तुझंच आहे.”

मी फॉर्मची घडी केली. मालकाच्या रकान्यासकट बाकीचे रकाने कोरेच राहिले. जायला निघालो तर स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला.

“जेवल्याशिवाय जायचं नाही. विशेष काही केलेलं नाहीये.”

आत जाऊन पाहिलं तर ओट्यावर पाच भांडी होती आणि सगळ्यांतून वाफ येत होती. मी येणार हे तिला कालच कळलं असणार, पहाटेपासून लागली असणार. मी मान खाली घालून जेवलो. आतोबा मला सावकाश खा, सावकाश खा, असं सांगत होते.