डॅन्यूबची ओटी

बुडापेस्ट हे शहर माजलगावात आलं ते कपाशीच्या बियाण्यामागोमाग. मोंढ्याच्या रस्त्याला करिष्माच्या पप्पांचं, म्हणजे अंगदरावांचं, कृषी सेवा केंद्र होतं. एका बियाणं कंपनीनं यंदा सांगून ठेवलं होतं, जो दुकानदार ठरलेला माल विकेल त्याला जोडीनं युरोप. अंगदरावांनी माल विकला. मग कंपनीचा साहेब पेढे घेऊन दुकानात आला, पंख्याखाली बसून कोल्ड्रिंक प्यायला आणि म्हणाला, "हंगेरीची राजधानी आहे, शेठ. शेकडो वर्षांचं शहर. दसऱ्यानंतर निघायचं. दुसरं नाव तेवढं शनिवारपर्यंत कळवा."

घरात इंग्रजी होतं ते एकट्या करिष्माकडं. ती दहावीत होती, आणि नुकतीच बीडला जाऊन जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती. तेव्हापासून तिचं ठाम मत झालं होतं की बोलून सुटणार नाही असं जगात काही नाही. सहलीचं नियोजन तिनं कुणी न सांगताच अंगावर घेतलं.

रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून फोनमधून बुडापेस्टच्या रस्त्यांवर फिरायची आणि काय काय दिसतंय ते मम्मीला सांगायची. मम्मी, वर्षाराणी, भाकरी थापता थापता ऐकायची.

"हा राजवाडा. टेकडीवर हाय. वर जायला बारकी रेल्वे हाय."

"हं."

"आन ही गरम पाण्याची कुंडं. लोक गळ्याएवढ्या पाण्यात बसून बुद्धिबळ खेळतेत."

"उनकेश्वरासारखी?"

"तसलीच. पण उनकेश्वरला कुणी बुद्धिबळ खेळत न्हाई."

"गुडघे दुखायलेल्या माणसाला कुठं सुचतंय बुद्धिबळ," मम्मी म्हणाली.

"आन हा पूल बघ. आधी नदीच्या अल्याड बुडा आन पल्याड पेस्ट, अशी वेगवेगळी गावं हुती. मधी डॅन्यूब. मग हा पूल बांधला, आन पुढं सगळ्यांचं मिळून एक शहर झालं."

मम्मीचा हात थांबला. तिचं माहेर सिंदफणेच्या काठचं. धरण झालं तेव्हा गाव उठून माळावर गेलं, आणि ती वाढली ती त्या माळावरच्या पुनर्वसनात. जुनं गाव तिनं कधी पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की तिची आई बोट दाखवायची, तिथं आपलं दार होतं म्हणून.

"एवढी नदी मधी असून गाव उठलं न्हाई?"

"न्हाई ना. पूल बांधला."

"बरंय," मम्मी म्हणाली. "परत दाखव तो पूल."

ती भाकरी करपली. वर्षाराणीच्या हातून भाकरी करपणं ही त्या घरात छापून आणण्यासारखी गोष्ट होती. करिष्मानं ते ध्यानात ठेवलं.

बुधवारी पप्पा जेवायला आले ते अजिनाथकाकाला घेऊनच. हा अंगदरावांचा चुलतभाऊ. दुकानामागचं गोदाम तोच बघायचा.

"अजिनाथ, स्वेटर घे बे आत्ताच," पप्पा ताटावर बसत म्हणाले. "तिकडं लई थंडी असती म्हणे."

"मला कशाला स्वेटर? बँकॉकला गेलतो तवा कुठं नेलतं?"

"बँकॉकला घामानं अंघोळ केलीस, येड्या."

करिष्मा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तशीच उभी राहिली. "काकाला कावून स्वेटर? जोडीची टूर हाय ना?"

"जोडीचीच की," काका म्हणाला. "मी आन तुझा बाप. बालपणापासूनची जोडी हाय." आणि स्वतःच हसला.

"जोडी म्हंजे नवरा-बायको. कंपनीनं तसंच लिवलंय. मी वाचलंय."

"सगळे दुकानदार मित्रालाच नेतेत, बाळा," पप्पा म्हणाले. "बायका कंटाळतेत तिकडं. खायला मिळत न्हाई, बोलायला कुणी न्हाई. पासपोर्ट तुझ्या मम्मीचाबी काढलाय, मी काय न्हाई म्हणतोय का? विचार तिलाच." आणि तिथूनच त्यांनी आवाज दिला, "काय गं, येतीस का बुडापेस्टला?"

आतून उत्तर आलं, "मला काय करायचंय जाऊन? कालवण वाढू का अजून?"

"बघ," पप्पा म्हणाले, आणि वाटी पुढं केली.

करिष्मा बघत होतीच. त्यांच्या भावकीत बाईला काही दिलं की पहिल्यांदा ती नको म्हणते. जिलेबी असो, साडी असो, बसायला खुर्ची असो. देणाऱ्यानं पुन्हा म्हणायचं असतं, मग तिसऱ्यांदा म्हणायचं असतं, मग ती घेते. पप्पांनी एकदाच विचारलं आणि वाटी पुढं केली. यावर भाषण करावं असं तिला फार वाटलं. सुरुवातसुद्धा सुचली होती. पण समोर दोघं जण कालवण ओरपत होते, आणि श्रोते असे असले की पहिला नंबर येत नाही, हे तिला कळत होतं.

ती साखरा आत्याकडं गेली.

साखराबाई ही खरं तर अंगदरावांची आत्या, पण सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची आणि सगळी गल्ली तिला भ्यायची. भावकीतली कुठलीही बाई लांबच्या यात्रेला निघाली की तिची ओटी भरायची, आणि ओटी भरलेल्या बाईला उंबऱ्यातून माघारी फिरवायचं नाही, हा नेम आत्या पोलिसासारखा पाळायची. स्वतःच्या बाबतीतसुद्धा. एकदा ती काशीला निघाली होती. ओटी भरून झाली आणि ऐन वेळी तापानं फणफणली. घरात परत न्यायची तर सोय नव्हती. मग तिला तशीच जीपमध्ये घालून परळीला नेलं, वैजनाथाचं दर्शन घडवलं, आणि मगच माघारी आणून अंथरुणावर टाकलं. काशी राहिली ती राहिलीच. पण आत्या भरल्या ओटीनं घरात बसली, असं म्हणायला कुणाला जागा उरली नाही.

"आत्या," करिष्मा म्हणाली, "पप्पाला कंपनीनं जोडीनं यात्रा दिलीय."

"कुठली?"

"बुडापेस्ट."

"तीर्थ हाय का तिथं?"

करिष्मानं क्षणभर विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. "मोठी नदी हाय. काठावर देवळं हायत त्यांची. आन गरम पाण्याची कुंडं हायत."

"मंग तीर्थच की! निघायलेत कधी?"

"जायचं दसऱ्यानंतर. पण नाव शनिवारी द्यायचंय, आन मग व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागतंय."

"म्हंजे निघालीच म्हण." आत्यानं बोटांवर वार मोजले. "परवा श्रावणातला शुक्रवार. चांगला दिवस हाय. तुझ्या आईला सांगू नकोस, लाजून पळंल. बायांना मी सांगते."

शुक्रवारी दुपारी वर्षाराणी डोक्याला तेल लावून बसली होती, तर दारात चपलांचा ढीग लागला. बाया आत आल्या. पाट मांडला गेला, कुणी तरी हळदीकुंकवाचा करंडा शोधून काढला, आणि काय चाललंय हे कळायच्या आत ती पाटावर बसलेली होती.

"करिष्मा," ती दातांतून म्हणाली, "काय करून ठेवलंस हे?"

"मी काय केलं? मी फक्त सांगितलं."

खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. एकेक बाई येऊन ओटीत घालत होती आणि जमेल तसं बुडापेस्टचं नाव घेत होती. तेवढ्यात दारात योगिताकाकू उभी राहिली. अजिनाथकाकाची बायको. तिच्या हातात ताट होतं.

"आत्या," ती म्हणाली, "कालपासून आमचे तर म्हणायलेत, मीच चाललोय बुडापेस्टला. स्वेटर बी आणलंय."

बाया आत्याकडं बघायला लागल्या. योगिताकाकूचा करिष्मानं विचारच केला नव्हता.

आत्यानं चष्मा वर सरकवला. "यात्रा जोडीची हाय ना गं?"

"हो," करिष्मा म्हणाली.

"मंग योगिता, तुझा नवरा काय अंगदची बायको हाय का?"

बाया फुटल्या. योगिताकाकू ताट सावरत सावरत हसली, इतकी की ताटातले तांदूळ सांडले. मग ती खाली बसली आणि तिनं वर्षाराणीच्या ओटीत नारळ घातला. "जावा बाई तुमी," ती म्हणाली. "आमच्यांनी बँकॉकहून मला काय आणलतं म्हायती हाय? लॉजवरचा साबण. बारका. अर्धा वापरलेला."

हे हसणं रस्त्यापर्यंत गेलं असणार, कारण अंगदराव आणि अजिनाथ दारात आले तेच "काय झालं, काय झालं" करत. चपलांच्या ढिगापुढं दोघंही थांबले.

"काय झालं म्हंजे?" आत्या म्हणाली. "तुझ्या बायकोची ओटी भरली. बुडापेस्टला चाललीय ती."

"आत्या, आवं, ती काय यात्रा हाय का?"

"न्हाई तर काय हाय? नदी हाय, कुंड हाय. आता भरल्या ओटीची बाई घरात बसवतूस का? सांग तसं. सगळ्या बाया हायत, सगळ्यांना ऐकू दे."

अंगदरावांनी अजिनाथकडं बघितलं. अजिनाथनं आपल्या बायकोकडं बघितलं. तिनं रिकामं ताट छातीशी धरलं होतं आणि ती शांतपणे त्याच्याकडं बघत होती. "मी गोदामात जाऊन येतो," अजिनाथ म्हणाला, आणि गेला.

मग अंगदरावांनी वर्षाराणीला विचारलं. या वेळी आवाज दिला नाही, समोर उभं राहून विचारलं. "येतीस का?"

पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं. मम्मी आता नाही म्हणाली, आणि पप्पांनी पुन्हा एकदा वाटी पुढं केली, तर सगळं संपलं.

वर्षाराणी उठली. पदरात ओटीचं वजन होतं, ते दोन्ही हातांनी धरून उभं राहावं लागलं. खाली नारळांकडं बघत ती म्हणाली, "इमानात नारळ किती नेऊ देतेत?"

मग आत्या म्हणाली, "च्या टाका गं कुणी तरी," आणि चहा टाकायला त्या दिवशी योगिताकाकू उठली.

दुसऱ्या दिवशी नाव गेलं. अजिनाथकाका आठवडाभर दुकानाच्या मागच्याच दारानं ये-जा करत होता. कापडवाला स्वेटर परत घेईना, म्हणून त्याच्या नावानं शिव्या देत काकानं ते कपाटात टाकलं. पप्पा जेवताना बोलले नाहीत, पण जेवले.

करिष्मानं जोरात नियोजन सुरू केलं. सकाळी राजवाडा, दुपारी संसद, संध्याकाळी कुंड. मम्मीनं सगळं ऐकून घेतलं.

"नदीच्या काठाला बाकडी हायत का?"

"हायत की. ही बघ."

"मंग मी तिथंच बसते."

"राजवाडा?"

"तू बघितलास ना? झालं की."

"मम्मी! एवढ्या लांब जाऊन नुसती बसणार? दिवसभर?"

"हो. कुणी उठ म्हणणार न्हाई तिथं." मग तिला आठवलं. "नदीची ओटी तेवढी भरून घेते. पहिल्यांदा भेटायचं तर रिकाम्या हातानं कसं जावं?"

"नदीत नारळ टाकू देत न्हाईत ते. दंड करतेत."

"मंग चिमूटभर हळदीकुंकू. तेवढ्यानं काय नदी विटाळत न्हाई. पण कुठून सोडायचं गं? बुडाकडून का पेस्टकडून?"

करिष्मा शोधायला लागली. फोनमध्ये राजवाड्याच्या वेळा होत्या, रेल्वेची तिकिटं होती, हे नव्हतं. मम्मीनं फोन तिच्या हातातून घेतला, चष्मा लावला, आणि एका बोटानं हळूहळू पुढं सरकत गेली.

बाहेरून पप्पांचा आवाज आला. "च्या मिळंल का?"

वर्षाराणीनं मान वर केली नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "पुलावर हाय मी."