माझं नाव स्ट्राइक

मी एक जुना शब्द आहे. स्ट्राइक. इंग्रजांच्या मुलखात जन्मलो, तेव्हा माझा अर्थ होता अलगद हात फिरवणं. तुम्हाला खरं वाटणार नाही, मित्रांनो, कारण पुढे लोकांनी मला मारायला शिकवलं. ठोसा मारणं मी, काडी ओढणं मी, घड्याळाचे ठोकेही मीच. जहाजाचं शीड उतरवण्यासाठीही मलाच वापरत. एकदा लंडनच्या बंदरातल्या खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं खाली घेतली, आणि काम बंद ठेवणं हा अर्थ मला चिकटला. तोच घेऊन मी गिरणगावात आलो.

घोडपदेवच्या एका चाळीत लहू राहायचा. गिरणीच्या सूतखात्यात चालत्या यंत्रावर तुटलेले धागे जोडायचा. ब्याऐंशी साली संप झाला, तेव्हा तो मला छाती पुढे काढून उच्चारायचा. "स्ट्राइक आहे आपला. आता मागे फिरायचं नाय." मला केवढा अभिमान वाटायचा.

त्याची मुलगी गुणवंती सातवीत होती. शाळेच्या डिक्शनरीत तिने मला शोधलं आणि घरी येऊन विचारलं, "बाबा, स्ट्राइक म्हणजे मारणं. तुम्ही कोणाला मारलंत?"

लहू हसला. "कोणाला नाय गं. नुसते बसलोय."

त्याची बायको दमयंती स्टोव्हपाशी पिठाचा डबा खरवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "मारलंय की. आपल्यालाच."

संप मिटला असं कुणी सांगितलंच नाही. तो विरत गेला. गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली, पण लहूला फाटकावरूनच परत पाठवलं. दमयंती लोकांची भांडी घासू लागली. गुणवंतीची शाळा सुटली. ती शर्टांना बटणं लावायला कारखान्यात जाऊ लागली. लहूने मला पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही.

बऱ्याच वर्षांनी गिरणीच्या आवारात खेळांचं एक चकचकीत ठिकाण उघडलं. गुळगुळीत लाकडावरून जड गोळा सोडायचा आणि पलीकडे उभ्या केलेल्या पिना पाडायच्या, असा तो खेळ. लहूला तिथे नोकरी लागली. येणाऱ्यांना खेळायचे बूट द्यायचे, परत आले की आतून फवारा मारून पुसायचे.

पहिल्याच दिवशी एका तरुणाने सगळ्या पिना पाडल्या आणि त्याची टोळी ओरडली, "स्ट्राइक!"

लहू स्टुलावरून ताडकन उठला.

"काय झालं, काका?" सुपरवायझरने विचारलं.

"नाय, ते स्ट्राइक म्हणाले ना..."

"अहो, एका फटक्यात सगळे आडवे झाले की त्याला स्ट्राइक म्हणतात."

"सगळे आडवे झाले की?"

"हो."

लहू खाली बसला. "मग बरोबर आहे," तो म्हणाला.

मित्रांनो, जिंकलात की मला खुशाल ओरडा. शब्दाला तोंड निवडता येत नाही. पण खेळ संपल्यावर बूट काउंटरवर फेकू नका, हातात द्या. पलीकडच्या माणसाने एकेकाळी मला मनापासून उच्चारलं होतं.