कांदा फिरवलेला तवा

मी एक जुना बिडाचा तवा आहे. धरायला वरून कमानीसारखी मूठ असल्यामुळे मला तराजूचं पारडं समजणारेही भेटले, पण ते मी मनावर घेतलं नाही. माझा जन्म स्कॉटलंडमधल्या ओतकामाच्या एका भट्टीत झाला. माझी मालकीण जोन, तिची आई तिथून कॅनडातल्या एडमंटनला आली तेव्हा मला कपड्यांत गुंडाळून घेऊन आली.

मित्रांनो, माझं काम एकच, ओटकेक भाजणं. ओटचं भरड पीठ, मीठ, थोडी चरबी किंवा लोणी आणि गरम पाणी. गोळा हाताने दाबून पातळ करायचा, चार तुकडे करायचे आणि मंद आचेवर ठेवायचे. कडा वर वळल्या की झालं. दर रविवारी आधी जोनची आई आणि मग जोन हेच करत आली. तेवढ्या वर्षांत माझ्या अंगावर काळाभोर, गुळगुळीत थर चढला. त्यावर काही म्हणून चिकटत नसे. माझी सगळी कमाई तीच होती.

पुढे जोनची बोटं संधिवाताने आखडली आणि मी बेसमेंटमध्ये गेलो. विंटर टायर्सच्या शेजारी मी बरेच हिवाळे काढले. कोणी चौकशी केली नाही, आणि मला ते लागलं.

दोन हजार दहा साली जोनने घर विकलं. ती वृद्धांच्या निवासात राहायला जाणार होती. तिथे खोलीत स्टोव्ह ठेवायला परवानगी नव्हती. शेजारच्या पद्मजाला ती म्हणाली, "जाण्याआधी आईच्या तव्यावरचा एक ओटकेक खायचा होता. पण हात चालत नाहीत."

"मी करते की. आम्ही भाकऱ्या थापणारी माणसं," पद्मजा म्हणाली आणि मला घरी घेऊन गेली.

पद्मजाचं मन मोठं, पण स्वच्छतेचा सोस त्याहून मोठा. म्हाताऱ्या बाईची वस्तू अशी कळकट कशी ठेवायची, म्हणून तिने मला साबणात भिजवलं आणि तारेच्या घासणीने दुपारभर घासलं. माझं करडं अंग उघडं पडलं.

"अगं, अगदी ब्रँड न्यू दिसतोय," तिचा नवरा रविकांत म्हणाला. ती खूश झाली.

दुसऱ्या दिवशी जोन आली आणि मला पाहून खुर्चीत बसलीच.

"तो काळा रंग मळ नव्हता, पद्मजा," ती हळूच म्हणाली. "माझ्या आईच्या हातचा होता."

पद्मजाचा चेहरा उतरला. तरी तिने ओटकेक थापून टाकला. तो मला असा चिकटला की उलथन्याने खरवडावा लागला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"राहू दे. उद्या मूव्हर्स येतायत," म्हणत जोन उठली.

"जोन, प्लीज, जरा बसा."

पद्मजाने मला पुसून पुन्हा स्टोव्हवर चढवलं. अर्धा कांदा काट्याला टोचला, तेलात बुडवला आणि माझ्या अंगभर फिरवला. धूर आला की परत तेच. तिच्या माहेरी, देवगडला, घावनांचा नवा तवा असाच तयार करतात. स्मोक अलार्म कोकलू लागला, रविकांत त्याच्याखाली उभा राहून वर्तमानपत्राने वारा घालत सुटला, पण जोन जागची हलली नाही. मी आधी तपकिरी झालो, मग काळसर.

आता दुसरा ओटकेक पडला. कडा वर वळल्या. तो अलगद सुटला. जोनने तुकडा मोडून सावकाश चावला.

"याला कांद्याचा वास येतोय."

"सॉरी, जोन."

"आईने हा कोंबड्यांना घातला असता," जोन म्हणाली आणि तिने दुसरा तुकडा उचलला. तिचे डोळे भरले होते. "तवा तूच ठेव. आणि रविवारी मला ओटकेक आणून देत जा. कांद्यासकट."

तेव्हापासून मी कामावर आहे. आठवडाभर भाकरी आणि घावन, रविवारी जोनचा डबा. पहिला थर गेला याचं मला अजूनही वाईट वाटतं. दुसरा चढतो आहे, सावकाश.

मित्रांनो, घरातल्या काळ्या तव्याला साबण लावण्याआधी तो कोणाच्या हातचा आहे, एवढं विचारा. आणि चुकून घासलाच गेला, तर त्याला टाकून देऊ नका. घरात कांदा असेलच.