भाच्याची बाटली

शिरोळजवळच्या त्या घरात पाहुणा आला की आधी गूळ-पाणी, मग बाकीचं बोलणं. पाणी न पिता कुणी बसलं तर गुंडूमामांचा चेहरा पडायचा. तुमच्याआमच्या घरी तरी दुसरं काय आहे?

श्रावणात त्यांचा भाचा ऋतुराज कोल्हापुराहून आला. दीड वर्षापूर्वी त्याला किडनी बसवलेली. ती दिली त्याच्या आईनं, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं. ऋतुराजनं गुळाचा खडा तोंडात टाकला, पाण्याचा पेला मात्र बाजूला सारला आणि पिशवीतून स्टीलची बाटली काढली.

"मामा, मला उकळलेलंच पाणी चालतंय. डॉक्टरांनी बजावलंय."

"आमच्या घरचं पाणी कडू लागाय लागलं व्हय रं? कोल्हापुरात ऱ्हाऊन बाटलीवाला सायेब झालास की!"

ओसरीवरची मंडळी हसली.

"तसं न्हाय, मामा. नको म्हणतोय न्हवं."

"एक घोट! भाचा माझ्या दारातनं तसाच गेला, तर गावात तोंड कसं दाखवू?"

ते पाणी मामांच्या विहिरीचं, आणि पंधरा दिवसांपूर्वी ती विहीर पुराच्या पाण्याखाली होती. तिच्यापासून वीस पावलांवरचा संडासाचा खड्डाही बुडालेला. पण आता पाणी नितळ दिसत होतं, आणि मामांनी ते दुहेरी फडक्यातून गाळलं होतं. ऋतुराजनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग मामांचं मन राखायला एक घोट नव्हे, अख्खा पेला प्याला. जाताना बाटली कोनाड्यातच विसरला.

पुढच्या महिन्यात गावात चार-पाच जणांना कावीळ झाली आणि उतरली. तिकडं कोल्हापुरात ऋतुराजचेही डोळे पिवळे झाले. त्याची मात्र उतरेना.

दिवाळी झाल्यावर मामा त्याला बघायला कोल्हापूरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर अस्मिता म्हणाल्या, "हिपॅटायटिस ई आहे. मैल्याचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की ही कावीळ पसरते. धडधाकट माणसाचं शरीर बहुतेक वेळा विषाणूला हाकलून देतं. पण याची प्रतिकारशक्ती आम्हीच औषधांनी दाबून ठेवलीय, नाहीतर शरीर दुसऱ्याची किडनी ठेवून घेत नाही. तीन महिने झाले, विषाणू अजून रक्तात आहे. लिव्हर खराब होतंय. ती औषधं कमी करावी लागतील, पण त्यात किडनीला धोका आहे."

"पण बाई, मी पाणी गाळून दिलतं की!"

"फडक्यातून विषाणू आरपार जातो, काका. पाणी खळखळून उकळलं की मरतो."

बाहेर बाकावर आक्का बसली होती. ती ओरडली नाही, त्याचंच मामांना भ्या वाटलं.

"गुंडू, माझ्या पोटातलं काढून मी त्येच्या पोटात घातलं. तू येक पेला पाजलास."

"आक्का, मायेनं दिलतं गं."

"माया? मग पोरगं नको म्हणल्यावर थांबला का न्हाईस? ते तुझा मान राखाय प्यालं. त्येच्या जिवापरास तुझा मान मोठा झाला!"

मामा घरी आले आणि कोनाड्यातली बाटली दिसली. हलवली तर आतलं पाणी डुचमळलं. ते ओतून द्यायला हात होईना. त्या दिवसापासून घरात कुणी पेला तोंडाला लावला की मामांच्या कानात यायचं, "नको म्हणतोय न्हवं." विहिरीत वाकलं की खालून पिवळे डोळे वर बघायचे. जेवताना हळदीची आमटी गिळवेना.

एका सकाळी ते दूध संस्थेत गेले आणि रांगेसमोर उभे राहिले.

"ऐका रं! माझ्या भाच्याला मी काविळीचं पाणी पाजलंय. ह्या हातानं! त्यो नको म्हणत हुता!"

म्हातारी बायडाबाई किटली खाली ठेवून म्हणाली, "माझ्या विहिरीशेजारी बी खड्डाच हाय की रं गुंडू." त्या वर्षी गावानं विहिरींत औषध टाकलं, खड्डे लांब हलवले, आणि घरोघरी पाणी उकळू लागलं.

होळीपर्यंत विषाणूवरच्या औषधांना यश आलं, रक्तातला विषाणू गेला. किडनी टिकली, पण पहिल्यासारखी राहिली नाही. तपासण्या आता जन्माच्या.

उन्हाळ्यात ऋतुराज आला. अंगावर सदरा लोंबत होता. मामांनी उकळून गार केलेलं पाणी पुढं ठेवलं. त्यानं सवयीनं पेल्याला हात घातला, तसा मामांनी तो हात धरला!

"आधी इच्यार तरी. म्या सोता बसून उकळलंय. तरीबी मन घेत नसंल तर तुझ्याजवळचं पी. मला राग न्हाई."

ऋतुराजची नजर कोनाड्याकडं गेली. "मामा, ती बाटली अजून हाय व्हय? टाका की आता."

"नगं. त्यातनं तू बोलतोस मला."

मंडळी, कुणाला दुसऱ्याची किडनी बसवलेली असते, कुणाचे कॅन्सरचे उपचार चालू असतात. त्यांच्या अंगातली राखण थकलेली असते, आणि ते कपाळावर लिहिलेलं नसतं. पाणी उकळून द्या. आणि दारातल्या माणसानं नको म्हटलं, तर त्याच्या त्या 'नको'चा मान राखा. पाहुणचार तोच.

बाटली आजही कोनाड्यात आहे. गुंडूमामा तिच्याकडे पाठ करून बसत नाहीत.